जागणारं बाळ, घोरणारं मूल

बारशाला आलेली पाहुणी पाळण्यात डोकावते, बाळाच्या मुठीत नोट सरकवते आणि बाळंतिणीला विचारते, "रात्री झोपू देतं का गं?" उत्तर 'नाही' असं आलं की सल्ल्यांची रांग लागते. दूध पुरत नसेल, वरचं सुरू कर. दृष्ट काढ. जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटव. त्याच घरात शेजारच्या खोलीत पाच-सहा वर्षांचा दादा तोंड उघडं टाकून घोरत पडलेला असतो. त्याच्याकडे बघून सगळे कौतुकानं म्हणतात, "खेळून दमलाय, कशी गाढ झोप लागलीय बघा."

बालझोपेच्या शास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर इथे काळजी आणि कौतुक यांची अदलाबदल झाली आहे. तान्हं बाळ रात्री दोन-तीनदा उठतं ते बहुधा त्याच्या वयाला धरूनच असतं. रोज रात्री घोरणारं मूल मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. कुठे निश्चिंत राहायचं आणि कुठे सावध व्हायचं, हे पालकांना कळावं यासाठी प्रस्तुत पुस्तक लिहिलं गेलं आहे. पण त्यात शिरण्याआधी या विषयाचा नकाशा डोळ्यांपुढे हवा, कारण मुलांच्या झोपेबद्दल आज जे सल्ले कानावर पडतात त्यांतले बरेचसे एकमेकांना छेद देतात. असं का होतं, याचं उत्तर या विषयाच्या इतिहासात आहे.

झोपेच्या आधुनिक शास्त्राची एक मोठी वाट तर झोपलेल्या बाळांकडे बघता बघताच सापडली. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात नथॅनिएल क्लाइटमन यांनी सारं आयुष्य झोपेच्या अभ्यासाला वाहिलं होतं. त्यांचा 'स्लीप अँड वेकफुलनेस' हा ग्रंथ १९३९ चा. त्यांच्याकडे आलेल्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याला त्यांनी काम दिलं ते वरकरणी अगदी साधं होतं : झोपी जाणाऱ्या बाळांच्या पापण्यांची उघडझाप निरखायची. तासन् तास पाळण्याशी बसून ॲसेरिन्स्कीच्या लक्षात आलं की मिटलेल्या पापण्यांखाली बाळाची बुबुळं काही काळ हलत राहतात, मग वीसेक मिनिटं पूर्ण स्थिरावतात आणि पुन्हा हलू लागतात. पुढे त्यानं आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर आलेख काढला. मूल गाढ झोपेत आणि कागदावरच्या रेघा मात्र जागेपणीसारख्या नाचणाऱ्या! १९५३ साली 'सायन्स' या नियतकालिकात गुरू-शिष्यांचा निबंध आला आणि बुबुळांच्या जलद हालचालींची ही झोप 'रेम' या नावानं ओळखली जाऊ लागली. झोप म्हणजे मेंदूचा नुसता विसावा, ही समजूत तिथे मागे पडली.

१९६६ मध्ये रॉफवर्ग, मुझिओ आणि डिमेंट यांनी वयानुसार झोप कशी बदलते याचं चित्र मांडलं. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या प्रकारचा असतो. नवजात बाळात तो जवळपास निम्मा भरतो. वाढत्या मेंदूला आतून चालना देण्याचं काम ही झोप करत असावी, असा त्यांचा कयास होता. त्यावरचं संशोधन अजून चालू आहे.

घरात या शोधाचा उपयोग लगेच आहे. तान्ह्या बाळाच्या या झोपेला 'सक्रिय झोप' म्हणतात. तीत बाळ हात-पाय हलवतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, मध्येच हसतं. सटवाई त्याला हसवते, असं आपल्याकडे बायका पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या. निरीक्षण अचूक होतं. हे हसू आणि ही हालचाल झोपेतलीच असते. पण नव्यानं आई-बाप झालेल्यांना वाटतं बाळ उठलं, म्हणून ते त्याला उचलतात आणि झोपलेल्या बाळाला खरोखरच जागं करतात. दोन मिनिटं नुसतं बघत थांबलं, तर पुष्कळदा बाळ आपसूक शांत होतं.

तान्ह्याच्या झोपेचं एक आवर्तन ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं दीड तासाच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते, म्हणजे बाळाला जाग येण्याच्या वेळाही रात्रीतून जास्त. शिवाय जन्मतः त्याला दिवस-रात्र कळत नाही. मेंदूतलं घड्याळ लागायला आणि अंधार पडल्यावर पाझरणाऱ्या मेलाटोनिनची लय बसायला दोन-तीन महिने जातात. १९८२ साली झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेचं जे सूत्र मांडलं ते आजही पायाभूत मानलं जातं. जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ आणि दिवस-रात्रीची लय, या दोन्ही जुळून आल्या की झोप लागते. बाळाच्या बाबतीत ओढ भराभर साठते आणि लय अजून कच्ची असते. म्हणून ते दिवसाही झोपतं, रात्रीही उठतं. सकाळचा उजेड, दिवसभराचा घरातला वावर आणि रात्रीचा काळोख यांनी ती लय पक्की व्हायला मदत होते.

मग रात्रभर झोपणारी बाळं असतात तरी कुठे? टॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात पाळण्यापाशी कॅमेरे लावून याचा माग घेतला. जी बाळं 'रात्रभर झोपतात' असं आई-बाप सांगत होते, त्यांतलीही अनेक बाळं रात्री जागी होत होती. काही रडून हाक देत, काही इकडेतिकडे बघून, बोट चोखून परत झोपत. जाग सर्वांनाच येते, फरक पडतो तो त्यानंतरच्या वागण्यात. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलच्या मारी-हेलेन पेनेस्त्री आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या सुमारे ३८ टक्के बाळांना सलग सहा तास झोप लागत नव्हती. वर्षाच्या बाळांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं. रात्री उठणाऱ्या या बाळांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही.

हे आकडे आपल्या कायद्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतात पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे सहा महिने. रजा संपते त्या सुमाराला तीनांतल्या एकाहून जास्त बाळांना सलग सहा तास झोप नसते आणि आईला मात्र सकाळची लोकल गाठायची असते. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाल्या बायांना तर तेवढीही रजा नाही. 'बाळाच्या झोपेची समस्या' म्हणून दवाखान्यात जे येतं त्यात मोठ्यांच्या दिवसाच्या आखणीचा वाटा असा मोठा असतो. बाळ चुकलेलं नसतं, आईही चुकलेली नसते.

या पेचावर काय करावं, याबद्दल गेल्या सव्वाशे वर्षांत तीन ठळक प्रवाह तयार झाले. पहिला शिस्तीचा. न्यूयॉर्कचे ल्यूथर एमेट होल्ट यांचं मुलांच्या संगोपनाचं छोटं पुस्तक १८९४ मध्ये निघालं आणि वेळापत्रकानुसार दूध, वेळापत्रकानुसार झोप हा मंत्र घरोघर गेला. १९२८ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर मुलांना कुरवाळू नका, सकाळी हस्तांदोलन करा, इथपर्यंत मजल मारली. या परंपरेतला कोरडेपणा टाकून शास्त्रीय भाग पुढे नेला तो बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले रिचर्ड फर्बर यांनी. त्यांचं १९८५ चं पुस्तक जगभर गाजलं आणि वादातही सापडलं. बाळ रडलं की थोडं थांबून जवळ जायचं, धीर द्यायचा, आणि थांबण्याचा वेळ हळूहळू वाढवायचा, एवढीच त्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असते. त्यांचं मोठं योगदान मात्र दुसरं आहे. मूल ज्या परिस्थितीत झोपी जातं तीच परिस्थिती ते मधल्या जागेलाही मागतं, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलं. पायांवर घेऊन झुलवत झोपवलेल्या बाळाला रात्री दोन वाजता जाग आली की पुन्हा पाय हवे असतात. तोंडात बाटली देऊन झोपवलेल्याला बाटली हवी असते.

दुसरा प्रवाह जवळिकीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी यांनी आई-मुलाच्या जिव्हाळ्याच्या बंधाचा सिद्धान्त मांडला, मेरी एन्सवर्थ यांनी तो निरीक्षणांनी भक्कम केला. त्या पायावर अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ विल्यम सिअर्स यांनी बाळाला सतत अंगाशी ठेवा, हाकेला लगेच ओ द्या, कुशीत झोपवा, असा पालकत्वाचा मार्ग लोकप्रिय केला. बाळाला रडू देणाऱ्या पद्धती या मंडळींना क्रूर वाटतात.

तिसरा प्रवाह मानववंशशास्त्राचा आणि मराठी वाचकाला तो सगळ्यांत ओळखीचा वाटेल. नोत्र दाम विद्यापीठातले जेम्स मॅकेना आणि इंग्लंडमधल्या डरॅमच्या हेलन बॉल यांनी आई-बाळांना प्रयोगशाळेत शेजारी झोपवून रात्रभर चित्रित केलं. अंगावर पाजणारी आई बाळाकडे तोंड करून कुशीवर झोपते, गुडघे दुमडून त्याच्याभोवती कडं करते, दोघांच्या झोपेच्या लाटाही बऱ्याच प्रमाणात जुळतात. बाळानं वेगळ्या खोलीत एकटं झोपणं हा मानवजातीचा सार्वत्रिक रिवाज नाही, पश्चिमेतल्या काही समाजांत अलीकडे रुळलेली ती पद्धत आहे, असं हे अभ्यासक सांगतात. जोडी मिंडेल, आवी सादेह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतल्या २९,२८७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत भारतही होता. न्यूझीलंडमधली तीन वर्षांखालची मुलं सरासरी साडेसातच्या आसपास झोपतात, हाँगकाँगमधली सव्वादहानंतर. आशियातली मुलं एकंदर उशिरा झोपतात, कमी झोपतात आणि आई-बापांच्या खोलीत किंवा बिछान्यात झोपतात.

या तिन्ही प्रवाहांचे अनुयायी एकमेकांशी कडाडून भांडत आले आहेत. पुरावा मात्र मधे कुठेतरी उभा आहे. ऑस्ट्रेलियात हॅरिएट हिस्कॉक आणि त्यांच्या गटानं झोपेचं वळण लावण्याच्या सौम्य पद्धती आयांना शिकवल्या आणि त्या मुलांचा पुढे माग ठेवला. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मुलं सहा वर्षांची होईपर्यंत ना काही अपाय दिसला, ना काही टिकाऊ लाभ. सुरुवातीच्या महिन्यांत घराला, विशेषतः आईच्या मनःस्थितीला, आधार मिळाला तो मोलाचा होताच. मायकल ग्रॅडिसार यांच्या २०१६ च्या प्रयोगातही टप्प्याटप्प्यानं थांबण्याच्या पद्धतीमुळे आईशी असलेला बंध बिघडल्याचं दिसलं नाही, पण त्यात बाळं अवघी ४३ होती. याचा घरगुती अर्थ असा की ज्या घराला रात्रीचं उठणं झेपतं, त्यानं काही बदलायची गरज नाही. ज्याला झेपत नाही, त्यानं बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर, हळूहळू, ठरावीक क्रमानं वळण लावलं तर अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. आंघोळ, दूध, अंगाई, दिवा मंद, मग अंथरूण, असा रोजचा एकच क्रम ठेवण्यानं झोप सुधारते, यावर तिन्ही बाजूंचं बऱ्यापैकी एकमत आहे.

एका प्रश्नावर मात्र मतभेदाला जागा उरलेली नाही, तो म्हणजे बाळाला झोपवायचं कसं. बेंजामिन स्पॉक यांचं संगोपनावरचं पुस्तक विसाव्या शतकातल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी. त्याच्या १९५८ च्या आवृत्तीपासून बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता, उलटी झाली तर घुसमटू नये म्हणून. हेतू चांगला, तर्कही पटणारा, पण तपासून पाहिलेला नव्हता. धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावण्याच्या घटनांचा न्यूझीलंडमध्ये तिथल्या संशोधकांनी आणि ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांनी अभ्यास केला, तेव्हा पालथं झोपणं हा मोठा धोका असल्याचं पुढे आलं. १९९१ मध्ये दूरचित्रवाणी निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा गेला. त्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला आणि त्याच वर्षी ब्रिटनभर 'पाठीवर झोपवा' मोहीम सुरू झाली. अमेरिकेत ती १९९४ मध्ये आली. दोन्ही देशांत असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्यासाठी औषध लागलं नाही, यंत्र लागलं नाही, बाळाची कूस तेवढी बदलली.

मराठी घराला यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावं. डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी राईची उशी, डोक्याशी लावलेले लोड, तोंडावर येणारी मऊ गोधडी, हे पहिल्या वर्षात बिछान्यावर नको. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, त्याला पालथं खेळवावं. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ आवळू नयेत, त्यानं खुब्याचा सांधा बिघडू शकतो. आणि बाळ कुशीला वळू लागलं की गुंडाळणं थांबवावं. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिंचोळी होते, म्हणून रात्रीच्या झोपेसाठी सपाट जागाच बरी. धुरी आणि विडी-सिगारेट दोन्हींचा धूर बाळाच्या खोलीत नको.

राहिला प्रश्न कुशीत झोपवण्याचा. बाळ आई-बापांच्याच खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर असावं, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात तिथे हा सल्ला कागदावरच राहतो. ब्रिटनमधले तज्ज्ञ म्हणून धोक्यांची उतरंड समजावून सांगतात : सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सर्वांत घातक. घरात धूम्रपान किंवा शेजारी झोपणाऱ्यानं दारू घेतलेली असणं, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असणं, यांपैकी काही असेल तर कुशीत झोपवू नये. प्रस्तुत पुस्तकानं हीच वाट धरली आहे.

थकलेल्या आईनं बाळाला शांत करण्यासाठी काहीतरी चाटवणं, ही गोष्टही जुनी आणि जगभरची. अमेरिकेत १८४९ पासून विकलं जाणारं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' दात येणाऱ्या बाळांना दिलं जाई. त्यात मॉर्फिन होतं आणि कित्येक बाळं त्यानं दगावली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया पाळीवर जाताना तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत, याची नोंद १९२० च्या दशकातल्या पाहण्यांमध्ये आहे. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण दहा-दहा तासांची पाळी आणि पाळणाघर नाही, अशा स्थितीत त्यांच्यापुढे दुसरा पर्याय काय होता? आज अफू गेली. तिच्या जागी बाळगुटीतल्या जायफळाचे वाढवलेले वेढे आले, सर्दीचं गुंगी आणणारं सिरप 'झोपेसाठी' दिलं जाऊ लागलं, मेलाटोनिनच्या गोड गोळ्या आल्या. जास्त झालेलं जायफळ बाळाला बाधतं. सर्दीची औषधं लहान मुलांना झोपेसाठी देऊ नयेत. स्वमग्नतेसारख्या काही स्थितींत डॉक्टर मेलाटोनिन देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली.

आता मोठ्या मुलांकडे. इथे खरे आजार आणि आजारासारखं दिसणारं निरुपद्रवी वागणं, दोन्ही सापडतात. चार-पाच वर्षांचं मूल झोपल्यावर तास-दीड तासात किंचाळून उठतं, डोळे सताड उघडे, घामानं चिंब, आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. घर हादरतं. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. हा 'निद्रात्रास' गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आल्यामुळे होतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरात होतो आणि बहुतेक मुलांत वयाबरोबर जातो. अशा वेळी मुलाला हलवून उठवू नये, पडणार-लागणार नाही एवढं पाहावं. वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात, मूल पूर्ण जागं होतं, स्वप्न सांगतं, कुशीत येतं. त्याला कुशीच हवी असते. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के रात्री अंथरूण ओलं करतात. त्यातला आळस किंवा खोडी हा भाग शून्य आहे आणि मार हा त्यावरचा उपाय नव्हेच. संध्याकाळी पाय शिवशिवतात, चोळून द्या म्हणून हट्ट धरणाऱ्या, रात्रभर पाय झाडणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता तपासावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. पाय झाडणाऱ्या मुलाकडे या राज्यात तरी दुर्लक्ष करून चालणार नाही.

आणि घोरणं. सर्दीत चार दिवस कुणीही घोरतं. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणारं, मध्येच श्वास थांबून दचकणारं, मान मागे टाकून झोपणारं मूल श्वासासाठी झगडत असतं. नाकामागच्या पोकळीतल्या ॲडिनॉइडच्या गाठी आणि घशातले टॉन्सिल वाढले की हवेची वाट अडते. तोंडानं श्वास घेणाऱ्या, झोपेत धडपडणाऱ्या, दिवसा मंद वाटणाऱ्या अशा मुलांचं वर्णन विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या वैद्यकीय ग्रंथात आहे. तरीही मुलांमधला निद्राश्वासरोध हा आजार म्हणून नीट मांडला गेला १९७६ मध्ये, क्रिस्तियान गिलमिनो यांनी आठ मुलांचं वर्णन केलं तेव्हा. आज साधारण एक ते पाच टक्के मुलांना तो असल्याचं मानतात. घात असा की हा आजार मोठ्यांसारखा दिवसा पेंग आणतोच असं नाही. मूल उलट चिडचिडं होतं, एका जागी ठरत नाही, अभ्यासात मागे पडतं, आणि शाळेकडून 'व्रात्य' असा शेरा मिळतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ४६४ मुलं होती. या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप, वागणूक आणि रोजचं जगणं सुधारलं, मात्र एकाग्रतेच्या औपचारिक चाचणीत फरक पडला नाही. ज्यांची शस्त्रक्रिया न करता वाट पाहिली, त्यांच्यापैकीही ४६ टक्के मुलांचा झोपेचा आलेख सात महिन्यांत सुधारला. म्हणजे प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला शस्त्रक्रियागृहात न्यायचं नाही, पण प्रत्येकाला तपासायचं आहे.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का, तर मुलांच्या झोपेवर दोन्ही टोकांनी ताण आला आहे. रात्रीचं टोक पडद्यांनी लांबवलं. कोलोराडोत झालेला एक छोटा प्रयोग पाहण्यासारखा आहे. संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या १० मुलांच्या घरांच्या खिडक्या झाकून दिवसभर गुहेसारखा अंधुक उजेड ठेवला आणि मग झोपेच्या आधीचा एक तास मुलांना प्रकाशित टेबलावर चित्रं रंगवायला बसवलं. मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घसरलं आणि दिवा बंद झाल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. टेबलाचा उजेड मोबाइलहून प्रखर होता, हे खरं. पण लहान डोळे उजेडाला किती हळवे असतात ते यावरून कळतं. मोबाइलशिवाय घास न घेणारी मुलं आता खेड्यापाड्यांतही आहेत. दोन वर्षांखालच्यांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांच्यांना दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे.

सकाळचं टोक शाळेनं कापलं. सातच्या शाळेसाठी सहाला व्हॅन येते, साडेपाचला उठवावं लागतं. तिसरीतल्या मुलाला किमान नऊ तास झोप हवी तर त्यानं साडेआठला अंथरुणात असायला हवं, आणि त्या वेळी बाबा अजून कामावरून घरी पोचलेले नसतात. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. दोन पाळ्यांच्या शाळा, स्कूल बसची गणितं, नोकरदार पालक, अशा अडचणी लगेच पुढे आल्या. त्या खऱ्या आहेत. तरीही मुलांच्या झोपेला सरकारी कागदावर जागा मिळाली, याचं मोल मोठं आहे. मोठ्या मुलांचा प्रश्न अजून तसाच आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच दीड-दोन तास पुढे सरकतं, हे मेरी कार्स्काडन यांनी दाखवून दिलं. कॅलिफोर्नियानं त्याची दखल घेऊन २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वेळा कायद्यानं पुढे नेल्या. आपल्याकडे नेमक्या त्याच वयात पहाटेचे क्लास सुरू होतात आणि रात्री बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला आळशी म्हटलं जातं.

एका तासानं काय बिघडतं, असं वाटत असेल त्यांनी आवी सादेह यांचा २००३ चा प्रयोग आठवावा. चौथी आणि सहावीच्या ७७ मुलांपैकी काहींना तीन रात्री तासभर लवकर आणि काहींना तासभर उशिरा झोपायला सांगितलं होतं. दोन्ही गटांच्या कामगिरीत जो फरक पडला तो चौथी आणि सहावी यांच्यात एरवी असतो तेवढा भरला.

मराठीत संगोपनावर पुस्तकं आहेत, पण मुलांच्या झोपेचा विषय त्यांत बहुधा एखाद्या प्रकरणात उरकलेला असतो. इंग्रजीतली पुस्तकं बाळाला स्वतःची खोली आहे, आजी घरात नाही आणि संध्याकाळी सातला घर शांत होतं, असं धरून चालतात. प्रस्तुत पुस्तक तसं काही धरून चालत नाही. ते एकत्र कुटुंबातल्या सुनेशी बोलतं, पाळणाघरावर अवलंबून असलेल्या जोडप्याशी बोलतं, अंगणवाडीताईशी आणि शाळेच्या मुख्याध्यापकांशीही बोलतं. आजीच्या पद्धती सरसकट टाकून द्या असं ते म्हणत नाही. मालीश, थोपटणं, अंगाई, अंधारात पाजणं यांना शास्त्राचा दुजोरा आहे आणि तो इथे दिला आहे. जिथे धोका आहे तिथे आजीला न दुखावता पण स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. औषधांचं प्रमाण किंवा घरच्या घरी निदान मात्र या पुस्तकात सापडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

बालरोगतज्ज्ञ जुडिथ ओवेन्स यांनी मुलांच्या झोपेची चौकशी पाच मुद्द्यांत बसवली आहे. झोपायला जाताना कटकट होते का? दिवसा पेंग किंवा अनाकलनीय चिडचिड असते का? रात्री काय कारणानं जाग येते? झोपायच्या-उठायच्या वेळा नेमक्या आहेत का, आणि तास भरतात का? मूल घोरतं का? हे पुस्तक हाती घेणाऱ्यांनी वाचायला सुरुवात करण्याआधी आठवडाभर एका वहीत या पाच प्रश्नांची उत्तरं रोज लिहावीत. वेळा घड्याळ पाहून लिहाव्यात आणि घोरण्याचा आवाज फोनवर टिपून ठेवावा. पुढे डॉक्टरांकडे जावं लागलं तर तपासणीच्या टेबलावर मूल जागं असताना जे दिसत नाही, ते त्यांना या वहीतून आणि त्या आवाजातून कळेल.